जत्रा शनिवारी का नको? जुन्नर-आंबेगावच्या वर्षाचं गणित

आजचा विषय आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या भांडणातून निघालाय. आणि भांडण मीच लावलं होतं.

झालं असं, की पुण्यात राहून मला तारखांची सवय लागलीये. डिसेंबरात सवाई, शनिवार-रविवारी एखादं नाटक. तारीख कळते, तिकीट काढायचं, जायचं. गावची जत्रा मात्र तिथीला. आमची चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला. २०२५ मध्ये ती १२ एप्रिलला आली, शनिवार होता. सगळी पोरं गावात! २०२६ मध्ये २ एप्रिल, गुरुवार. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, "जत्रा शनिवारी घेऊया ना, पुण्या-मुंबईची सगळी येतील." अंगठ्यांचा पाऊस पडला. नाना, म्हणजे माझे चुलते, यात्रा कमिटीत आहेत. त्यांनी मेसेज केला नाही, थेट फोन केला. "सुपारी द्यायला नारायणगावला जायचंय. तू पण चल. मग बोल."

नारायणगावला का, ते सांगतो. आधी आपल्या दोन तालुक्यांचं वर्ष कसं फिरतं ते बघू.

वर्षाचा फेरा

पौष पौर्णिमेला आंबेगावात थापलिंगच्या खंडोबाची यात्रा. माघात गणेश जयंतीला ओझर आणि लेण्याद्री. मग महाशिवरात्रीला भीमाशंकर. शिवनेरीवर तर शिवजयंती दोनदा होते. १९ फेब्रुवारीला शासकीय, आणि फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची. म्हणजे तारीख का तिथी, हा वाद आपल्याला नवा नाही!

पाडव्यापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पावसाळ्यात श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी बघायला रांगा लागतात. पोळा राज्यात बहुतेक ठिकाणी श्रावण अमावास्येला असतो, आपल्याकडे भाद्रपद अमावास्येला. बाहेरच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही.

आता तिथी सरकते का? चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवस कमी. नुसतं असंच चालू दिलं तर चैत्र हळूहळू ऐन थंडीत जाईल. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टला बसलेले गणपती २०२६ मध्ये थेट १४ सप्टेंबरला बसतात. फोनमध्ये "दरवर्षी" असं रिमाइंडर लावलं तर ते चुकणारच. पण या दुरुस्तीमुळे एक गोष्ट पक्की राहते. चैत्र येतो तेव्हा गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि पाऊस अजून लांब असतो. माणसाला सवड असते, बैलालाही.

नारायणगावच्या राहुट्या

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा बोर्ड, आत व्यवस्थापक, पुढ्यात वही. गावोगावचे कारभारी येतात, तिथी सांगतात, रक्कम ठरते, इसार दिला की तारीख पक्की. एरवी तंबूत तिकीट लावून खेळ होतो. जत्रेत मात्र गाव वर्गणीतून पैसे देतं आणि खेळ सगळ्यांना फुकट. हीच सुपारी.

आम्ही बसलो त्या राहुटीतल्या व्यवस्थापकांना मी विचारलं, "शनिवारची सुपारी केवढ्याला?" ते हसले आणि वही माझ्याकडे फिरवली. वहीत वार नव्हतेच, तिथ्या होत्या. चैत्र पौर्णिमा, वद्य अष्टमी अशा तिथ्यांना बऱ्याच गावांची जत्रा असते, म्हणून त्या रात्रींचा भाव चढा. मधल्या तिथ्यांना कमी. त्यामुळे लहान गावालाही परवडेल असा फड मिळतो.

मग मी तिथेच फोनवर मोजलं. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, बुद्ध पौर्णिमा १ मेला. दोन्ही दिवस धरून ४४ रात्री. त्यात शनिवार-रविवार फक्त १२. फड एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो. सगळ्या गावांनी माझ्यासारखाच विचार केला, तर ४४ रात्रींचं काम १२ रात्रींत कोंबावं लागेल. मोठी गावं भाव वाढवून फड नेतील, लहान गावांना मिळणार नाही. आणि मोठ्या फडात कलाकार, वादक, आचारी, ड्रायव्हर धरून शंभराच्या आसपास माणसं असतात. उरलेल्या ३२ रात्री त्यांनी काय खायचं?

आमच्या भाषेत याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. एकाच सर्व्हरवर सगळी गर्दी आली की तो बसतो. इथे तिथ्यांनी गर्दी वाटून दिलीये, कुणी कोड न लिहिता.

फिरणारी माणसं

फक्त तमाशाच नाही. पाळणेवाले, रेवड्या-शेवेची दुकानं, खेळणीवाले, सगळे या गावातून त्या गावात सरकत असतात. बैलगाड्यांचंही तेच. आपल्याकडे घाटात एकेक गाडा एकटा पळतो आणि त्याचे सेकंद मोजतात. तोच गाडा आज एका घाटात, काही दिवसांनी दुसऱ्या. बैलाला मध्ये विश्रांती लागते.

ही साखळी तुटली की काय होतं, तेही पाहिलंय. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या वर्षांत घाट ओस पडले होते. कोरोनात २०२० आणि २०२१ चे दोन हंगाम जत्राच झाल्या नाहीत. तमाशावाल्यांसाठी तो पावसाळा दोन वर्षं लांबला.

मग शेवटी काय ठरलं?

जत्रा तिथीलाच. पण माझा प्रश्न अगदीच खोटा नव्हता, हे नानांनीही मान्य केलं. वर्गणीतला मोठा वाटा बाहेर राहणाऱ्यांचा असतो, आणि पोरंच नसतील तर पालखीला खांदा कोण देणार? म्हणून पुण्यातल्या पोरांची बैठक रविवारी घ्यायची, आणि तिथी निघाली की इंग्रजी तारीख लगेच ग्रुपवर टाकायची, असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलंय. पंचांग बघून पुढच्या वर्षाची तारीखसुद्धा आताच टाकलीये. रजेचा अर्ज वेळेत करायला आता कुणाला कारण उरलेलं नाही, मला तर नाहीच.

तुमच्या गावची जत्रा कोणत्या तिथीला असते? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि यंदा ती कोणत्या वारी येते, हे आजच बघून ठेवा. भेटूया!