हर्णैपासून देवाच्या दरबारापर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कामाचा मागोवा घेताना पहिल्यांदा शिकायला बसलेले दिसतात ते परदेशी मिशनरीच. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं बाणकोटला आली, मग हर्णैला त्यांचं ठाणं झालं. १८२९ मध्ये मुंबईला पोचलेले जॉन आणि मार्गारेट विल्सन शहरात काम मांडण्याआधी मराठी शिकण्यासाठी हर्णैला येऊन राहिले. रॉबर्ट नेस्बिट यांचीही सुरुवात याच किनाऱ्यावरची. पुढे जॉन विल्सन आणि नेस्बिट यांच्या हाताखाली मुंबईत नारायण शेषाद्री घडले. १८४३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, नंतर जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. गुरूने आधी शिष्याची भाषा शिकावी हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पण भाषा आली म्हणून अधिकार वाटून घेतला गेला असं नाही. देशी उपदेशक आणि पाळक तयार होत होते, तरी त्यांचा पगार मिशनकडून यायचा आणि मोठे निर्णय मिशनच्या बैठकीत व्हायचे. पगार देणाऱ्याच्या मर्जीकडे बघत मंडळीचं नेतृत्व करायचं, ही कोंडी कितीही उत्तम शिक्षणाने सुटणारी नव्हती.

ती सर्वांत तीव्रतेने जाणवली याच जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांना. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही तुकाराम नाथोजी या देशी पाळकाच्या हातून. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते आले, पाळकपदाची दीक्षा १९०४ मध्ये मिळाली. उमेदीच्या ख्रिस्ती तरुणांना त्यांनी दिलं ते मुख्यतः आपल्या मातीतलं भक्तीचं वळण. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मोकळेपणाने सांगत. इंग्रजी चालीवर बेतलेल्या गीतांऐवजी अभंग, पदं, भजन, कीर्तन यांतून उपासना व्हावी म्हणून त्यांनी शेकडो गीतं रचली. मराठी मंडळ्या ती आजही गातात. अभंग गाता येणारा उपदेशक गावात परका राहत नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत धाडसी पाऊल. दरबाराला मात्र पुरेसा काळ मिळालाच नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचा बहुतेक भाग पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षं सोवळं सांभाळून राहिलेल्या आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंना कोणत्याही सेमिनरीने घडवलं नव्हतं, हे नेतृत्वाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावं.

टिळकांचा प्रभाव एका इंग्रजावरही पडला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. तिथे इंग्रज आणि भारतीय एकाच पंगतीत जेवत, एकाच साध्या राहणीत राहत. पुढच्याच वर्षी विन्स्लो यांनी टिळकांचं चरित्र प्रसिद्ध केलं.