सातबाऱ्याखालचे दोन मजले

दर्यापूरचा शेतकरी पीककर्जासाठी सातबारा पाहायला मोबाइल हाती घेतो, तेव्हा महाभूलेखचं संकेतस्थळ त्याला जिल्हा विचारतं. मग तालुका, गाव, गट क्रमांक. त्याला दिसतो तो एवढाच मजला. त्याखाली आणखी दोन असतात.

संगणकशास्त्रात या बांधणीला बहुस्तरीय रचना म्हणतात. वरचा थर माणसाशी बोलतो, मधला नियम चालवतो, तळाचा नोंदी सांभाळतो. वरच्याला थेट तळाशी हात घालता येत नाही. नव्वदच्या दशकात ही पद्धत रुळली. त्याआधी पडदा, नियम आणि माहिती बहुधा एकाच प्रोग्राममध्ये गुंतलेली असे. एक धागा ओढला की बाकीचं उसवायचं.

खरी कसोटी मधल्या थराची. जमीन विकली, दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला, की त्याची सूचना ई-फेरफारमधून तलाठ्याकडे पोचते. पण घेणाऱ्याचं नाव लगेच चढत नाही. तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग गाव नमुना सात बदलतो. हा क्रम पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. तो प्रोग्राममध्ये, तेही वेगळ्या थरात लिहिला, की उद्या कायद्याने मुदत बदलली तरी पडद्याला आणि नोंदींना धक्का लावावा लागत नाही. सामान्य खातेदाराच्या दृष्टीने या रचनेचं मोल इथेच आहे.

त्याच नोंदींना मग नवी दारं करता येतात. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲप राज्यभर सुरू झालं आणि शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून कपाशीचा, तुरीचा फोटो अक्षांश-रेखांशासह टाकू लागला. ती नोंद जाते गाव नमुना बारावर.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना नावात किंवा क्षेत्रात झालेली चूक मात्र तळाच्या थरात बसते, आणि सेतूच्या छापील प्रतीपासून बँकेच्या पडद्यापर्यंत जशीच्या तशी उमटते. कोणताही थर शेत मोजायला जात नाही. अशा वेळी अकोटचा काय, अचलपूरचा काय, खातेदार जुनी हस्तलिखित प्रत शोधून काढतो आणि जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज देतो.