गोराईचा बिनखांबी घुमट

बोरिवली पश्चिमेच्या गोराई जेट्टीवरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांत पलीकडचा किनारा येतो. मुंबई महापालिकेची हद्द अजून संपलेली नसते, पण गाव सुरू झालेलं असतं. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती, होली मॅगी चर्च, मासळी, भाजीच्या वाड्या. या सगळ्या पट्ट्याला पूर्वापार धारावी बेट म्हणतात. दादर-शीवजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतलेला धारावीचा किल्ला याच बेटावरचा. आता मात्र बेटाची दुरून पटणारी खूण एकच आहे, सोनेरी रंगाचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा.

छत्रासकट त्याची उंची सुमारे ३२५ फूट. आकार यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावरून घेतलेला. पण दोघांत एक मूलभूत फरक आहे. श्वेडगॉन भरीव आहे, त्याला प्रदक्षिणा घालायची, आत जायचं नाही. गोराईचा पॅगोडा पोकळ आहे आणि ती पोकळी हेच त्याचं प्रयोजन. एका घुमटाखाली ८,००० माणसं ध्यानाला बसू शकतील एवढी जागा, आणि मध्ये एकही खांब नाही.

ही वास्तू उभी राहिली ती एका ऋणाच्या भावनेतून. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली मंडालेत, मारवाडी व्यापारी घराण्यात झाला. अर्धशिशीने ते हैराण होते, दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. उपाय शोधत ते १९५५ साली विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले. हे गुरू भिक्षू नव्हते, ब्रह्मदेशाच्या सरकारात महालेखापालाच्या पदावर काम केलेले गृहस्थ होते. भारतातून आलेली विपश्यना ब्रह्मदेशाने जपली, आता ती भारताला परत करायला हवी, असं ते मानत. गोएंका १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी शिबिरं सुरू केली. पुढे इगतपुरीचं धम्मगिरी हे या कामाचं मुख्य केंद्र झालं. ब्रह्मदेशाविषयीची कृतज्ञता दगडात दिसावी म्हणून पॅगोडाचा आराखडा ब्रह्मी ठेवला गेला. वरचं छत्र ब्रह्मदेशातल्या लोकांनी दिलं, मुख्य लाकडी दारांचं कोरीवकामही तिथेच झालं.

जमीन मिळाली ती खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये, एस्सेलवर्ल्डच्या शेजारी. पायाभरणी १९९७ साली झाली.

वास्तू हजार वर्षं टिकावी अशी कल्पना होती. मग लोखंडी सळ्या बाद झाल्या, कारण खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं. म्हणून पाया बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, आणि घुमट राजस्थानातून आणलेल्या वालुकाश्माचा. एकेक चिरा ६०० ते ७०० किलोंचा. प्रत्येकाच्या कडा अशा घडवल्या की एकाची खाच शेजारच्यात अडकते. उरलेल्या फटी चुन्याने भरल्या.

घुमटातला चिरा आत कोसळू पाहतो, पण दोन्ही बाजूंचे चिरे त्याला दाबून धरतात. त्यामुळे एकेक वलय पुरं झालं की ते स्वतःला सावरतं. खरी कसोटी खालच्या भागाची, कारण वरच्या भाराने तो बाहेर फाकू बघतो. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला तडे गेले, तेव्हा अठराव्या शतकात त्याभोवती लोखंडी साखळ्या आवळाव्या लागल्या होत्या. गोराईत चिऱ्यांना एकमेकांपासून सुटू न देण्याचं काम दगडातल्या खाचांकडे आहे.

या घुमटाचा आतला व्यास सुमारे २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. १६५६ साली पुरा झालेला विजापूरचा गोल घुमट आतून साधारण ३८ मीटर भरतो. हे पाहिलं की गोराईच्या कामाचा आवाका कळतो.

पॅगोडात एकावर एक असे तीन घुमट आहेत. सर्वांत खालचा, सर्वांत मोठा घुमट २००६ साली पुरा झाला. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला त्याच्या मधल्या कळीच्या दगडात बुद्धांचे अस्थिधातू ठेवण्यात आले. ते आंध्रातल्या भट्टीप्रोलूच्या स्तूपात सापडलेले, महाबोधी सोसायटीने दिलेले. नोव्हेंबर २००८मध्ये तिसऱ्या घुमटाचं बांधकाम संपलं आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

उत्तर कोकणाला स्तूप नवा नाही. नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप खणून काढला आणि त्यातून धातुकरंडक मिळाला. बोरिवलीच्याच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचं चैत्यगृह आहे. तिथे कारागिरांनी डोंगर आतून कोरत नेला आणि स्तूप मागे ठेवला. गोराईत दगड लांबून आणून, एकावर एक रचून पोकळी बांधली. दोन्ही ठिकाणी काम एकच, आत बसणाऱ्यांच्या डोक्यावर दगडाचं छत धरायचं.

पाहुण्यांना प्रवेश मोफत आहे. मात्र घुमटाखाली बसायला दहा दिवसांचं शिबिर केलेलं असावं लागतं, इतरांनी काचेआडच्या सज्जातून आतला भाग पाहायचा. तेवढ्यानेही काम भागतं, कारण बांधकामाची करामत तिथून नीट दिसते. गोल घुमट पाहायला हौसेने विजापूर गाठणाऱ्या मुंबईकराने त्याच्या दुपटीहून रुंद घुमटासाठी एकदा गोराईची खाडी ओलांडायला हरकत नाही.