जीवशास्त्रातील एम.एस्सी.ची पूर्वतयारी

‘नीट’मध्ये गुण कमी पडले, की आपल्या डॉक्टरांच्या घरांत जीवशास्त्राची आठवण होते, तीही दुय्यम पर्याय म्हणून! वस्तुतः या विषयातील एम.एस्सी.चा विचार पदवीच्या पहिल्या सत्रापासूनच करावयास हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एका वर्षाची असू शकते. चौथ्या वर्षी संशोधन करावयाचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. पुढे केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि आयआयटींसाठी ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षा असतात. तीन वर्षे की चार, हे ठरविण्यापूर्वी पाल्यास सुटीत महिनाभर एखाद्या प्रयोगशाळेत काम करू द्यावे.