टोके पाल आणि लाखांची अफवा



बोलणे चालू असता भिंतीवर पाल चुकचुकली की आपल्याकडे माणूस दचकतो. आज आम्ही जिच्याविषयी सांगणार आहोत, ती या घरपालीची थोरली बहीण. तिचे नाव टोके. ‘टोके, टोके’ असे ती मोठ्याने ओरडते, त्यावरूनच हे नाव पडले. ढाणकीशेजारच्या पैनगंगेच्या सागवनात ती नाही. ईशान्य भारत, नेपाळ, बांगलादेश आणि तेथून थेट इंडोनेशियापर्यंतची दमट अरण्ये हे तिचे घर. लांबी सुमारे फूटभर. अंग निळसर करडे, त्यावर नारिंगी ठिपके. रात्री हिंडावे आणि किडे खावे, हा तिचा उद्योग.

गुळगुळीत भिंतीला ती चिकटते कशी? तिच्या पायाला डिंक नसतो. बोटांच्या तळाशी लक्षावधी सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. हे फाटे भिंतीला इतके भिडतात की दोहोंच्या रेणूंमध्ये ओढ उत्पन्न होते. अमेरिकेत केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एकेका केसाची ओढ मोजली. ती भरली एखादी मुंगी उचलण्यापुरती! पण लाखो केस एकदम लागले की सारे अंग छताला तोलले जाते. केसांचा कोन बदलला की पकड सुटते. कामगारांची संघटना बांधणाऱ्या आम्हांला हे गणित चांगलेच ओळखीचे आहे.

अशा या प्राण्यामागे एक अफवा लागली. त्याच्या मांसाने एड्स बरा होतो, म्हणून एकेका पालीला लाखो रुपये मिळतात, असे सांगितले जाऊ लागले. या उपचाराला शास्त्राचा कसलाही आधार नाही. फिलिपाइन्सच्या सरकारने २०११ मध्येच लोकांना तसे बजावले. २०१९ साली या पालीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आला. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणे व विकणे हा गुन्हाच आहे.

आता हिशेब पाहा. लाखांचा भाव सांगणारा दलाल रानात पाऊल घालीत नाही. पिशवीत पाल घेऊन सापडतो तो हातावर पोट असलेला मजूर. खटला त्याच्यावर, आणि रोजी बुडते त्याच्या घरची. म्हणून आमचे सांगणे एवढेच: असा भाव सांगणारा भेटला, तर त्याच्या बोलण्यावर मात्र शंकेची पाल जरूर चुकचुकू द्या.