कावळा पुन्हा येतो तेव्हा
चौकटीतून पडद्यावर : लेखांक ९

ज्या चित्रपटाचा नायक कथेतही मेलेला आहे आणि प्रत्यक्षातही, त्याचा दुसरा भाग काढायचा कसा? १९९४च्या उन्हाळ्यात मिरामॅक्स कंपनीपुढे हा पेच होता. 'द क्रो'ची हकिगत आपण गेल्या आठवड्यात पाहिली. ३१ मार्च १९९३ला विल्मिंग्टनच्या स्टुडिओत रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिलेलं गोळीचं टोक, नुसता आवाज करणाऱ्या काडतुसाच्या जोराने सुटलं आणि २८ वर्षांचा ब्रँडन ली गेला. उरलेली दृश्यं बदली नट आणि संगणक यांच्या मदतीने पुरी झाली. मे १९९४मध्ये चित्रपट लागला आणि एकट्या अमेरिकेत त्याने ५ कोटी डॉलरचा गल्ला केला. इतका गल्ला झाल्यावर दुसरा भाग निघणारच होता. तो ३० ऑगस्ट १९९६ला आला : 'द क्रो : सिटी ऑफ एंजल्स'.

या लेखमालेत आपण चित्रकथांवरून निघालेल्या चित्रपटांचा विचार करतो आहोत. इथे अडचण अशी की रूपांतर करायला आता चित्रकथाच उरली नव्हती. जेम्स ओ'बारने 'द क्रो' लिहिली ती एका माणसाची गोष्ट म्हणून. एरिक आणि त्याची वाग्दत्त वधू शेली यांना गुंड मारतात, कावळा एरिकला परत आणतो, तो एकेकाला गाठून संपवतो आणि शेलीकडे निघून जातो. गोष्ट पुरी होते. पुढचा अंक ओ'बारच्या मनात असण्याचं कारणच नव्हतं, कारण ती गोष्ट त्याने वाचकांसाठी रचलेली नव्हती. डेट्रॉइटमध्ये अनाथ म्हणून वाढलेल्या या मुलाची प्रेयसी १९७८मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे अपघातात गेली. तो मरीन्समध्ये भरती झाला, जर्मनीत राहिला आणि तिथे १९८१च्या सुमारास ही पानं काढू लागला. २० डॉलरच्या अंगठीसाठी एका तरुण जोडप्याचा खून झाल्याची डेट्रॉइटमधली बातमी त्यात येऊन मिसळली. काळ्या शाईतलं हे काम १९८९मध्ये कॅलिबर प्रेसने छापलं. काढून काढून दुःख हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही, उलट ते वाढलं, असं त्याने पुढे मुलाखतींतून सांगितलं. त्या पानांवरचा राग आजही अंगावर येतो तो यामुळेच. तिथे सूड हा करमणुकीचा मसाला नाही. दुःखाला दुसरी वाट सापडली नाही म्हणून ते सुडाच्या वाटेने गेलं आहे.

दुसऱ्या भागासाठी निर्मात्यांच्या हाती उरलं ते काय? एक नियम. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला सारा ही लहान मुलगी सांगते की माणूस मेल्यावर कावळा त्याचा आत्मा पलीकडे नेतो, पण दुःख फारच मोठं असेल तर कधीकधी तो आत्म्याला परत आणतो, बिघडलेलं नीट करायला.

मराठी वाचकाला हे ऐकताना घाटावरची भाताची मूद आठवल्याशिवाय राहणार नाही. ओ'बारने काही आपल्याकडून हे घेतलेलं नाही. कावळा आणि मरण यांची सांगड जगात अनेक ठिकाणी आहे. पण तुलना करून पाहण्यासारखी आहे. दहाव्याला पिंड ठेवला, कावळे भोवती जमले आणि एकही शिवेना, की घरातलं वडीलधारं माणूस पुढे होतं. "धाकटीचं लग्न आम्ही करू, तू काळजी करू नकोस," असं हात जोडून सांगतं. मेलेल्याची राहिलेली इच्छा जिवंत माणसं आपल्या अंगावर घेतात, मगच कावळा शिवतो. 'द क्रो'च्या जगात असं अंगावर घेणारं कुणी मागे उरलेलंच नाही. पोलीस हतबल आहेत, नातलग नाहीत, शहर गुंडांच्या ताब्यात आहे. म्हणून मेलेल्यालाच उठून यावं लागतं. सूडकथेपेक्षाही ही एकटेपणाची कथा आहे, आणि दुसऱ्या भागाचा कस इथेच लागणार होता.

एरिक ड्रेव्हनच्या भूमिकेत दुसऱ्या नटाला उभं करायचं नाही, हे ठरलं. ब्रँडनचा मान राखणारा हा निर्णय मला आजही मोलाचा वाटतो. पटकथाकार डेव्हिड एस. गोयरने नवा मृत माणूस आणला : ऍश कॉर्व्हन, लॉस एंजेलिसमधला मेकॅनिक. ड्रग्जचा धंदा करणाऱ्या जूडा अर्लच्या टोळीने केलेला खून ऍश आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा डॅनी यांच्या नजरेस पडतो, आणि दोघांनाही मारून धक्क्यावरून पाण्यात टाकून देतात. म्हणजे इथे प्रेयसीच्या जागी मूल आलं. प्रियकराचा सूड आणि बापाचा सूड यांची जात वेगळी असते. बापाला राग येण्याआधी अपराधी वाटतं, की आपण जवळ असून पोराला वाचवू शकलो नाही. या एका बदलात सबंध नवा चित्रपट दडलेला होता. जुन्या गोष्टीतून आली ती फक्त सारा. स्केटबोर्डवरून फिरणारी ती पोर आता मोठी झाली आहे आणि गोंदणाच्या दुकानात काम करते. मिया कर्शनरने ती भूमिका केली. ऍशच्या तोंडावर पांढरा-काळा रंग चढतो तो साराच्या हातून.

दिग्दर्शन टिम पोप या इंग्रज माणसाकडे गेलं. पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच चित्रपट, पण 'द क्युअर' या बँडचे कितीतरी संगीत-व्हिडिओ त्याने केलेले होते. ही निवड फार विचारपूर्वक केलेली होती. ओ'बार ही पानं काढत असताना 'द क्युअर' आणि 'जॉय डिव्हिजन' यांच्या गाण्यांवर पोसला होता. पहिल्या चित्रपटासाठी 'द क्युअर'ने खास गाणं दिलं आणि 'नाइन इंच नेल्स'ने जॉय डिव्हिजनचं जुनं गाणं नव्याने गायलं. दुसऱ्या भागात 'बुश'ने त्याच घराण्यातलं एक गाणं घेतलं. 'होल', 'डेफ्टोन्स', पी. जे. हार्वी अशी नावंही त्या अल्बमवर आहेत. त्याहून गमतीचा योग इगी पॉपचा. ओ'बारने एरिकचा चेहरा बेतला होता 'बाउहाउस'च्या पीटर मर्फीवरून, आणि त्याची हडकुळी, तारेसारखी ताणलेली अंगकाठी इगी पॉपवरून. तोच इगी पॉप दुसऱ्या भागात कर्व्ह नावाचा गुंड झाला. कागदावरच्या नायकाला ज्याने आपलं शरीर उसनं दिलं होतं, तो पडद्यावर त्याच कावळ्याच्या हातून मरतो.

आणि ते मरण या चित्रपटातलं सगळ्यांत देखणं दृश्य आहे. गोष्ट मेक्सिकन लोकांच्या मृतांच्या सणात घडते. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला हा सण असतो. घराघरांत गेलेल्यांसाठी फुलं, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचं खाणं मांडतात. लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वस्ती मोठी, त्यामुळे हा सण तिथे उपरा वाटत नाही. मोटरसायकलवरून झालेल्या पाठलागानंतर ऍश मरणाच्या दारातल्या कर्व्हला ओढत पाण्यात नेतो आणि सोडून देतो. वर जमलेली माणसं फुलांच्या पाकळ्या खाली टाकतात. पाकळ्या पाण्यावर पसरतात आणि पसरता पसरता त्यांना पंख फुटतात, चोच फुटते. पहिल्या भागात एरिकने पेट्रोल ओतून आगीचा कावळा काढला होता. तो त्याचा स्वतःचा शिक्का होता. इथे कावळा काढतात ती अनोळखी माणसं, आपापल्या मृतांना आठवता आठवता. एका एकाकी मेकॅनिकच्या सुडाला क्षणभर सगळ्या वस्तीची साथ मिळते. पहिल्या भागाकडे नव्हतं असं काहीतरी या चित्रपटाला सापडलं होतं, याचा माझ्या दृष्टीने हा पुरावा आहे. छायाचित्रकार जाँ-इव्ह एस्कोफिए याने सगळ्या शहरावर आजारी पिवळा रंग चढवला. पहिल्या भागातला काळाभोर पाऊस त्याने गिरवला नाही.

मग बिघडलं कुठे? टोळी मोजून पाहा. पहिल्या भागात टिन टिन, फनबॉय, टी-बर्ड, स्कँक असे चार हस्तक एकापाठोपाठ मरतात आणि शेवटी टॉप डॉलर. दुसऱ्या भागात स्पायडर मंकी, नेमो, कर्व्ह, काली असे चार, आणि शेवटी जूडा. पहिल्या भागात कावळ्याला जखमी केलं की एरिकची ताकद जाते. इथे जूडा कावळ्यालाच पकडतो, मारतो, त्याचं रक्त पितो आणि ती ताकद स्वतः घेतो. कल्पना अंगावर काटा आणणारी आहे, पण कथेच्या त्याच वळणावर, त्याच जागी आणून बसवलेली. सांगाडा जुना, त्यावर माणसं नवी.

पहिल्या भागात हाच सांगाडा का पेलला? तिथे दुःखाला वेळ दिलेला होता. एरिक आपल्या फुटक्या खिडकीच्या घरात परततो, वस्तूंना हात लावतो आणि प्रत्येक स्पर्शासरशी आठवण त्याला फटका मारते. शेली इस्पितळात ३० तास तडफडली, हे त्याला अल्ब्रेक्ट या पोलिसाकडून समजतं. शेवटी तो टॉप डॉलरला गोळी घालत नाही. ते ३० तासांचं दुखणं एका दमात त्याच्या अंगात सोडतो. दुःख हेच हत्यार होतं. ऍशच्या हाती असं काही दिलेलं नाही. डॅनीचा बाप म्हणून तो कसा होता, पोराला काय आवडायचं, दोघांचं जेवण कोण करायचं, हे कळायच्या आत आपण पहिल्या खुनाशी येऊन पोचतो. बापाचा अपराधभाव मध्येमध्ये व्हिन्सेंट पेरेझच्या डोळ्यांत चमकून जातो. फ्रेंच चित्रपटांतून नाव कमावलेला हा स्विस नट आपल्या बाजूने कमी पडलेला नाही. कथाच त्याला थांबू देत नाही.

याचं कारण संकलनाच्या टेबलावर आहे. हा चित्रपट होईल तितका पहिल्यासारखा दिसावा, असा मिरामॅक्सचा आग्रह होता. पोपने तसं करायला नकार दिला, आणि कंपनीने आपल्या मनासारखी कापाकापी करून घेतली. थिएटरात लागला तो जेमतेम ८४ मिनिटांचा चित्रपट. पोप आणि गोयर दोघांनीही तो आपला मानायला नकार दिला. ज्यांनी नवं दुःख शोधून आणलं, त्यांच्याच हातून ते काढून घेतलं गेलं, आणि हे मला फार लागतं. वाईट दुसरे भाग रग्गड निघतात, त्यांचं काही वाटत नाही. हा वाईट व्हायला नको होता.

पहिल्या आठवड्यात तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, पण प्रेक्षक टिकले नाहीत. १ कोटी ३० लाख डॉलर खर्चून झालेल्या चित्रपटाने तिथे १ कोटी ८० लाखांच्या आसपास कमावले. त्यानंतर २००० आणि २००५ मध्ये आणखी दोन भाग निघाले, प्रत्येक वेळी नवा मृत, नवा रंगवलेला चेहरा, आणि प्रेक्षक कमी कमी. २०२४मध्ये पुन्हा एरिक आणि शेलीचीच गोष्ट घेऊन चित्रपट केला, तोही चालला नाही. कालीची भूमिका करणारी थ्वी ट्रँग, लहान मुलांच्या 'पॉवर रेंजर्स'मधली पहिली पिवळी रेंजर, २००१मध्ये मोटार अपघातात गेली. मोठ्या पडद्यावर लक्षात राहील असं तिचं काम हेच.

गोयर मात्र थांबला नाही. पहिल्या 'द क्रो'चा दिग्दर्शक ॲलेक्स प्रोयास याच्याबरोबर त्याने 'डार्क सिटी'च्या पटकथेवर काम केलं आणि त्याच १९९८ साली मार्व्हलच्या एका दुय्यम पात्राला हात घातला. अर्धा माणूस, अर्धा रक्तपिपासू असा तो नायक, आणि या वेळी गोयरच्या कथेला मोडता घालायला मागे कोणतंही यश उभं नव्हतं. पुढच्या आठवड्यात 'ब्लेड'.