देवडीचे खांब

पुण्यातील जुने वाडे राखण्याच्या खटपटीत माझी हयात गेली. तिचा आरंभ शोधू लागलो म्हणजे मन जुलै १९६१ मधील पानशेतच्या पुराशी जाऊन थांबते, कारण पाणी ओसरल्यावर शनिवार-नारायण पेठांतला चिखल तुडवताना, मातीच्या भिंती विरघळून गेल्या असूनही ज्यांचा सागवानी सांगाडा ताठ उभा होता असे वाडे मी प्रथमच डोळसपणे पाहिले.

पुराने जे पाडले त्याहून कितीतरी अधिक पुढे कागदाने पाडले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने गरीब कुळांना छप्पर दिले, हे त्याचे मोठेच उपकार. परंतु गोठलेल्या भाड्यात कौले चाळण्याची मजुरीही निघेना, तेव्हा मालकाने वाड्याकडे पाठ फिरवली आणि आढ्यातून ठिबकणारे पाणी तुळयांच्या गाभ्यापर्यंत मुरत गेले.

१९६६ च्या नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकती घेण्याचा हक्क नागरिकास दिला, आणि मुदतीत दाखल केलेला अर्ज हेच माझे मुख्य हत्यार ठरले. एका वाड्याच्या देवडीवरून रस्तारुंदीची रेषा गेली होती. आम्ही तिघांनी केळफुली नक्षीच्या प्रत्येक खांबाचे माप घेतले, नकाशा जोडला, तहकूब होत राहिलेल्या सुनावण्यांना वर्षभर हजर राहिलो. देवडी वाचली. मागचा चौक मात्र आम्हांला राखता आला नाही, ही खंत आजही जात नाही.

त्याच देवडीत माझ्या हातून एक प्रमाद घडला. भिंतीला मी सिमेंटचा गिलावा करविला. आतली ओल कोंडली, आणि चार पावसाळ्यांनी गिलावा फोडला तेव्हा भिंतीतल्या खांबाचे बूड तपकिरीसारखे बोटांत चुरगळले. एका वृद्ध गवंड्याने मग मला चुना शिकवला: कळीचा चुना हौदात भिजवून मुरवायचा, वाळूसह घाणीत मळायचा, गुळाचे व बेलफळाचे पाणी घालायचे, आणि लावल्यावर कित्येक दिवस तो ओला ठेवायचा. कुजलेले बूड कापून तिथे आम्ही नवे सागवान सांध्याने जोडले.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नसलेल्या, माणसे नांदत्या इमारतींनाही तिने श्रेणी दिली. ती वाचताना माझे डोळे भरून आले.

परवा त्या देवडीत गेलो होतो. कुळांची मुले खांबांभोवती लपंडाव खेळत होती. सांध्याजवळच्या चुन्यावर अंगठा दाबून पाहिला. तो कोरडा होता.